पहाटे चारची वही: आवर्ती नवताऱ्यावर नजर कशी ठेवावी

माझा पोटापाण्याचा धंदा हिशेब लिहिण्याचा. दिवसभर दुसऱ्यांच्या खतावण्या लिहायच्या, आणि गेले आठ हिवाळे पहाटे माझी स्वतःची एक वही, तीही एकाच ताऱ्याची. वहीतल्या बहुतेक ओळी सारख्याच आहेत. तारीख, वेळ, आकाश कसं होतं, आकडा, आणि शेवटी दोन शब्द: 'काही नाही'. घरात ही वही थट्टेचा विषय आहे. मी गच्चीवरून खाली आले की पांघरुणातून आवाज येतो, "काय, फुटला का गं?" मी म्हणते, "नाही." पांघरूण पुन्हा डोक्यावर.

तारा आहे टी कोरोना बोरिआलिस. निरीक्षक मंडळी 'टी-सीआरबी' म्हणतात, मी वहीत नुसतं 'टी' लिहिते. उत्तर मुकुट या तारकासमूहात तो असतो, साधारण दहाव्या प्रतीचा. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा ठळक. नुसत्या डोळ्यांनी अंधाऱ्या जागी सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, तेव्हा एरवी हा दिसायचा प्रश्नच नाही. पण ऐंशीएक वर्षांनी तो उफाळतो आणि काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो. आठ प्रतींचा फरक म्हणजे तेज दीड हजार पटींहून जास्त वाढतं. मग तितक्याच घाईने उतरतो. नुसत्या डोळ्यांना जेमतेम आठवडाभर दिसतो, आणि ऐन शिखरावर तर काही तासच.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की रोज का बघायचं ते कळतं. तिथे खरं तर दोन तारे आहेत, एकमेकांभोवती सुमारे २२७ दिवसांत फिरणारे. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा, दुसरा श्वेत बटू: आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त. तांबड्याच्या खात्यातून हायड्रोजन गळत राहतो आणि बटूच्या पृष्ठभागावर जमा होतो. थर जाड झाला की त्याच्या तळाशी दाब आणि तापमान इतकं वाढतं की अणुसंमीलनाचा भडका उडतो आणि सगळी पुंजी एकदम उधळली जाते. तारा स्वतः शाबूत राहतो, अतिनवताऱ्यासारखा संपत नाही. पुन्हा पहिल्यापासून जमा सुरू. बाकीच्या नवताऱ्यांना पुन्हा फुटायला हजारो वर्षं लागतात. हा बटू फारच जड असल्याने त्याला थोड्या मालातच भागतं. माणसाच्या हिशेबी काळात जे दोनदा फुटताना दिसले त्यांना आवर्ती नवतारे म्हणतात. आपल्या आकाशगंगेत असे पक्के ठाऊक असलेले तारे दहाच्या आसपासच आहेत.

नोंदी अशा आहेत: १२ मे १८६६ला आयर्लंडमध्ये जॉन बर्मिंगहॅमने तो पाहिला. नंतर ९ फेब्रुवारी १९४६ला तो पुन्हा उफाळला. त्याआधी डिसेंबर १७८७ आणि १२१७ सालच्या जुन्या नोंदीही याच ताऱ्याच्या असाव्यात, असं ब्रॅडली शेफर या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे. १९४६च्या आधी काही वर्षं तारा थोडा तेजाळला होता आणि मग स्फोटाआधी मंदावला होता. तसंच २०१५पासून तेजाळणं आणि २०२३मध्ये मंदावणं दिसलं, म्हणून २०२४मध्ये फुटेल असं भाकीत झालं. २०२४ संपलं, मुकुट होता तसाच. मला त्याचं नवल वाटलं नाही. दोन पक्क्या नोंदींवरून सरासरी काढून पुढच्या व्यवहाराची तारीख सांगणाऱ्या कारकुनाला मी कामावर ठेवणार नाही. बघत राहणं एवढंच हातात आहे.

आणि बघायचं तर हिवाळ्यात, कारण तेव्हाच बघणारे कमी असतात. उन्हाळ्यात मुकुट रात्रभर डोक्यावर असतो, हजारो डोळे असतात. डिसेंबर-जानेवारीत तो पहाटे निघतो, थंडीत, आणि ज्याला त्याला पांघरूण प्रिय असतं. १९४६चा स्फोट नेमका असाच गाठला. अमेरिकेतला लेस्ली पेल्टिअर हा हौशी निरीक्षक वीसहून अधिक वर्षं या ताऱ्यावर डोळा ठेवून होता. त्या रात्री अडीचचा गजर लावून उठला, आकाश स्वच्छ होतं, पण घसा खवखवतोय, सर्दी होणार असं वाटून परत झोपला. त्याच रात्री तारा उफाळला. तिकडे सोव्हिएत संघात रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या कामेनचुक नावाच्या माणसाने तो नुसत्या डोळ्यांनी पकडला. गजर बंद करायला हात जातो तेव्हा मला हे दोघे आठवतात. दर वेळी उठतेच असं नाही, पण आठवतात.

किती वाजता

नोव्हेंबरचा शेवटचा पंधरवडा सगळ्यांत वाईट. सूर्य त्याच होरेत, म्हणजे आकाशाच्या त्याच उभ्या पट्ट्यात, असतो. उत्तरेकडे चाळीस अंशांच्या वर राहणाऱ्यांना तेव्हाही मुकुट संध्याकाळी पश्चिमेला आणि पहाटे पूर्वेला, असा दोनदा दिसतो, कारण तो सूर्याच्या बराच उत्तरेला आहे. वीस अंश अक्षांशाच्या आसपास मात्र दोन्हीकडे संधिप्रकाशात धावपळ होते. त्यानंतर रोज चार मिनिटं लवकर, महिन्याला दोन तास. वीस अंश उत्तर अक्षांशावर 'टी' डिसेंबरच्या मध्याला पावणेचारच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्याला दीडला, फेब्रुवारीच्या मध्याला साडेअकरालाच. दोन्ही बाजूंना पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे धरा.

उगवल्याबरोबर बघण्यात अर्थ नाही. क्षितिजालगत हवेचा थर जाड असतो, तारा वीस अंशांवर आला तरी तिरक्या हवेत जवळजवळ अर्धी प्रत खाल्ली जाते. उगवल्यानंतर दोन तास जाऊ द्या. म्हणजे डिसेंबरमध्ये खिडकी अगदी अरुंद: पावणेसहा ते उजाडेपर्यंत. जानेवारीत साडेतीन ते साडेपाच निवांत. माझ्या वहीत सगळ्यांत जास्त ओळी जानेवारीतल्याच आहेत आणि बहुतेक चार वाजताच्या.

चंद्राची फारशी धास्ती नको. मुकुट क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेपासून, इतका उत्तरेला आहे की चंद्र त्याच्या चाळीसएक अंशांच्या आत फिरकतच नाही. ग्रहांचंही तेच, आणि ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल: मुकुटात कधी आगंतुक तेजस्वी ठिपका दिसला तर तो ग्रह नक्की नाही.

मुकुट सापडवणं

सप्तर्षींच्या शेपटीचा बाक टोकाच्या मरीचीपासून तसाच पुढे ओढत नेला की नारिंगी, ठसठशीत स्वाती येते. हे बहुतेकांना येतं. स्वाती उगवल्यावर सव्वा ते दीड तासाने मुकुट उगवतो. पहाट आणखी पुढे सरकली की ईशान्येला अभिजित वर येते. स्वातीपासून अभिजितपर्यंत मनातल्या मनात दोरी ताणा. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यावर मुकुट लागतो.

मुकुटात सात तारे, अर्धवट मोडलेल्या बांगडीसारखे. एका टोकापासून क्रमाने: थीटा, बीटा, आल्फा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन, आयोटा. आल्फाला ॲल्फेका म्हणतात, प्रत २.२, सगळ्यांत ठळक. बाकीचे साडेतीन ते पाच प्रतींमधले. पुस्तकातल्या नकाशात बांगडीचं तोंड वर दाखवलेलं असतं आणि नवखा माणूस पहाटे तसाच आकार शोधत राहतो. पूर्वेला उगवताना ती कलंडलेली असते. तोंड डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे. बीटा आणि थीटा वरच्या अंगाला, आणि आल्फा-गॅमा-डेल्टा-एप्सिलॉन ही ओळ उजव्या कडेने खाली उतरत आलेली. ओळीत तळाशी येणारा चार प्रतीचा तारा एप्सिलॉन. आपला 'टी' एप्सिलॉनपासून फक्त एक अंशावर आहे, दक्षिणेला आणि जरासा पूर्वेला. उगवतीच्या वेळी एप्सिलॉनच्या उजवीकडे, किंचित खाली.

१० बाय ५०च्या (दहा पट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी काचेच्या) द्विनेत्रीतून ॲल्फेका आणि एप्सिलॉन एकाच दृष्टिक्षेत्रात मावतात. ॲल्फेका कडेला सरकवून एप्सिलॉन मध्यावर आणायचा. हात थरथरतात, ते स्वाभाविक आहे. आराम खुर्चीत पाठ टेकून, कोपर खुर्चीच्या हातांवर रोवून बघा, किंवा ट्रायपॉड घ्या. मी पाच वर्षं उभी राहून, मान मोडून बघितलं आणि मग एक दिवस खुर्ची वर नेली. पाच वर्षांचा मूर्खपणा.

आता खरं सांगायचं तर १० बाय ५०मधून, बऱ्यापैकी अंधाऱ्या आकाशातही, दहाव्या प्रतीचा तांबूस तारा दिसेलच असं नाही. १५ बाय ७० असेल तर दिसतो. चार-सहा इंची दुर्बिणीतून सहज. पण न दिसणं ही अडचण नाही, ते पुढे येईलच.

डोळ्यांची तयारी

गच्चीवर गेल्यावर वीस मिनिटं काही बघू नका. अंधाराला डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो आणि फोनचा पडदा एकदा पेटवला की मोजणी पुन्हा शून्यावर. माझ्या टॉर्चच्या काचेवर लाल नेलपॉलिशचे तीन थर आहेत. एक पुरत नाही, त्यातून पांढरा उजेड झिरपतो.

पेन नेऊ नका. कडाक्याच्या थंडीत बॉलपेन लिहीत नाही आणि ऐन वेळी कागदावर नुसतं कोरलेलं राहतं. शिसपेन्सिल, तीही दोन. दुर्बिणीच्या काचेवर श्वास सोडू नका. दव धरलं की तारे फुगीर आणि फिके दिसतात आणि मग आपण ताऱ्याच्या नावावर दवाचा खर्च टाकतो. पायाखाली लाकडी पाट किंवा जाड रबर ठेवा. थंडी तळव्यांतून चढते.

आकडा लावणं

इथे जरा थांबून लिहिते, कारण बहुतेक लोक चुकतात ते इथेच. मीही चुकले.

ताऱ्याची प्रत अंदाजाने ठरवायची ती शेजारच्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यांशी ताडून. त्यासाठी नकाशा लागतो. १९११ साली स्थापन झालेली एएव्हीएसओ ही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना आपल्या संकेतस्थळावरून असे नकाशे फुकट काढून देते. ताऱ्याचं नाव घाला, क्षेत्र किती हवं ते सांगा, नकाशा तयार. त्यावर तुलनेच्या ताऱ्यांशेजारी ९८, १०६ असे आकडे असतात. ९८ म्हणजे ९.८. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, कारण नकाशावर टिंब म्हणजे तारा. एक मोठ्या क्षेत्राचा आणि एक जवळचा, असे दोन नकाशे घ्या आणि नकाशाचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा. दुर्बिणीने बघणाऱ्यांनी आधी हे पाहून घ्यावं की आपल्या दुर्बिणीतलं चित्र उलटं दिसतं की आरशासारखं. माझ्या ओळखीत एकाने अख्खा महिना भलत्याच ताऱ्याचे आकडे मोठ्या नेमाने लिहिले होते.

समजा ९८ आणि १०६ हे दोन तुलनेचे तारे निवडले. एक 'टी'हून थोडा ठळक, एक थोडा फिका. मनात दोघांमधल्या अंतराचे भाग पाडा. 'टी' ९८च्या जवळ वाटतो, अंतराच्या पाव भागावर. दोघांत फरक ०.८चा. त्याचा पाव ०.२. आकडा झाला १०.०. अर्ध्यावर वाटला असता तर १०.२. एवढंच. भागाकार इयत्ता चौथीचा आहे, अवघड आहे ते नजर प्रामाणिक ठेवणं.

पहिली भानगड रंगाची. 'टी' एरवी आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्यातल्या तांबड्या ताऱ्यामुळे. तांबड्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की डोळ्यात तो हळूहळू साठत जातो आणि खरा आहे त्याहून ठळक वाटायला लागतो. माझ्याकडून यात सहज दोन-तीन दशांश चढतात. म्हणून टक लावायची नाही. भरभर नजर फिरवा: ९८, टी, १०६, पुन्हा टी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जे वाटलं तेच धरा. दुर्बीण जराशी फोकसबाहेर नेली तर ठिपक्यांच्या चकत्या होतात आणि तुलना सोपी होते.

दुसरी भानगड बाजूची. दोन सारख्या ताऱ्यांपैकी दृष्टिक्षेत्रात खालच्या बाजूला असलेला ठळक वाटतो, निदान पुष्कळांना. डोकं कलवून दोघांना डोळ्यांच्या रेषेला समांतर आणा.

तिसरी भानगड ही माझी स्वतःची. एकदा फेब्रुवारीत जुनी पानं चाळत होते. ओळीने सहा पहाटे १०.०, १०.०, १०.०. हिशेबाच्या वहीत सहा दिवस एकच रक्कम आली की मी आधी ती खोटी धरते. तारा दोन-तीन दशांश खालीवर होत असतो. तांबडा तारा बटूच्या ओढीने थेंबासारखा लांबट झालेला आहे, फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो तर कधी निमुळती, म्हणून तेज ९.८ ते १०.२च्या दरम्यान हेलकावतं. तरी माझे आकडे खिळ्यासारखे. कारण सापडायला वेळ लागला नाही. मी बघायच्या आधी कालची ओळ वाचत होते आणि डोळे कालचाच आकडा आणून देत होते. तेव्हापासून रोजचं पान वेगळं. कालचं पान क्लिप लावून बंद करते आणि आकडा लिहून झाल्याशिवाय उघडत नाही. दुसऱ्यांनी टाकलेले आकडेही आधी बघत नाही. दुसऱ्या दिवसापासून आकडे १०.१, ९.८, १०.२ असे उड्या मारू लागले. दिसायला बेशिस्त, पण ते माझे होते.

आता तारा दिसलाच नाही तर? तर त्या क्षेत्रातला सगळ्यांत फिका कोणता तुलनेचा तारा दिसला तो लिहा. ९३ दिसला, त्याहून फिका काही दिसला नाही, तर नोंद '<९.३', म्हणजे 'टी' ९.३हून फिका होता. ही पूर्ण, पक्की नोंद आहे. पुढे कधी स्फोट झाला आणि तो नेमका केव्हा सुरू झाला याचा शोध लागला, की शेवटचं 'नव्हता' आणि पहिलं 'होता' या दोन ओळींवरच सगळं ठरतं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याचीही '<४.५' ही नोंद चालते. दुर्बीण नाही म्हणून अडून बसायचं कारणच उरत नाही: पहाटे उठलात, मुकुटाकडे दहा सेकंद पाहिलंत, एप्सिलॉनशेजारी नवं काही नाही, लिहून टाका.

न बघता मात्र लिहायचं नाही. ढग असतील तर 'ढग' लिहायचं. झोपले तर मी 'झोप' लिहिते. अशा एकोणतीस झोपा आहेत वहीत.

वही

तारीख जोडून लिहा: १४/१५ जानेवारी. म्हणजे चौदाची रात्र उलटून पंधराची पहाट. नुसतं १४ लिहिलं तर महिन्याभराने आपलं आपल्यालाच कळत नाही. पाठवताना विश्ववेळ (ग्रीनिचची वेळ) किंवा जुलियन दिवस (दिवसांची अखंड मोजणी) लागतो. जुलियन दिवस विश्ववेळेच्या दुपारी बाराला बदलतो, त्यामुळे रात्रीच्या पोटात तारीख बदलायची कटकट उरत नाही. ज्याने हे ठरवलं त्याला रात्रपाळीची जाण होती. ओळीत आणखी हवं ते एवढंच: वेळ मिनिटापर्यंत, आकडा एका दशांशापर्यंत, कोणते दोन तुलनेचे तारे, कोणतं साधन, आकाश कसं. एएव्हीएसओकडे नाव नोंदवलं की निरीक्षक म्हणून आपल्याला एक सांकेतिक अक्षरखूण मिळते आणि नोंदी ऑनलाइन भरता येतात.

कॅमेरा असेल तर ट्रायपॉडवर ५० मिमीची लेन्स, पाच-सहा सेकंदांचं एक्सपोजर, रोज एक फोटो. यातून 'टी' दिसणार नाही, पण सहाव्या प्रतीपर्यंतचं सगळं येईल आणि शंकेच्या दिवशी कालच्या फोटोशी ताडता येईल. स्मार्ट टेलिस्कोप घेतलेली मंडळी याच्या कितीतरी पुढे जातात. तो माझा प्रांत नाही.

उफाळला असं वाटलं तर

आधी माझी फजिती ऐका. एका जानेवारीत पावणेपाचला वर गेले, पूर्वेला पातळ ढगांची जाळी. मुकुट बघते तर ओळीच्या तळाशी एक ठळक तारा एकटा, शेजारी काही नाही. छातीत धस्स झालं. खाली धावत गेले, घर उठवलं, एका अनुभवी निरीक्षक मित्राला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सातही तारे मोज आणि एकेकाचं नाव घे." वर गेले. तोवर जाळी सरकली होती. थीटा, बीटा, आल्फा. गॅमा आणि डेल्टा ढगाआडून नुकते बाहेर येत होते. एकटा उभा होता तो बिचारा एप्सिलॉन. शेजारी झाकले गेले म्हणून मला तो नवा वाटला. घरात आजही "एप्सिलॉन आला का?" असं विचारतात.

तर पहिलं काम तेच: सात नावं घ्या. सात हजर आणि शिवाय आठवा, एप्सिलॉनपासून अंशभर दक्षिणेला, तर मग पुढे. एक मिनिट तसंच बघत राहा. उपग्रहाचा चमकारा असेल तर तेवढ्यात सरकेल किंवा विझेल. ग्रह तिथे येत नाही हे आपण पाहिलंच. मग द्विनेत्री लावून नकाशावरची जागा ताडा.

जागा जुळली की घड्याळ बघून वेळ लिहा, आणि लगेच आकडा. इथे तुलनेचे तारे वेगळे लागतात, नुसत्या डोळ्यांचे, काही मुकुटातले आणि काही भुजंग, शौरी, भूतप या आसपासच्या तारकासमूहांतले. ते आताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण त्या क्षणी हात कापत असतील: ॲल्फेका २.२, भुजंगाचा आल्फा २.६, शौरीचा बीटा २.८, भूतपाचा बीटा ३.५, मुकुटाचा गॅमा ३.८, एप्सिलॉन ४.१. ॲल्फेका 'टी'पासून साडेपाच अंशांवरच आहे, दोघं जवळपास सारख्या उंचीवर असतात, तेव्हा हवेचा हिशेब दोघांना सारखाच लागतो. भुजंगाचा आल्फा मात्र बराच दक्षिणेला, तो क्षितिजाजवळ असेल तर वापरू नका.

मग फोटो. मग एखाद्या अनुभवी माणसाला फोन, त्याने स्वतंत्रपणे बघावं म्हणून. त्याला आपला आकडा सांगू नका. मग नोंद पाठवा. त्यानंतर उजाडेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक आकडा, कारण चढती बाजू कुणाच्याच वहीत नीट नाही. दोन्ही वेळा लोकांनी पाहिला तोवर तो वर पोचलेला होता. आपण पहिले आहोत का, ही चौकशी उजाडल्यावर. २८ जानेवारी २०१०ला यू स्कॉर्पी हा दुसरा आवर्ती नवतारा असाच थंडीच्या पहाटे फुटला, तेव्हा फ्लोरिडातल्या बार्बरा हॅरिस आणि शॉन ड्वोरॅक या दोघा हौशी निरीक्षकांनी तो एकाच पहाटे, एकमेकांना न विचारता पकडला. २०२१च्या ऑगस्टमध्ये आरएस ओफियुकी उफाळला तोही हौशी डोळ्यांनाच आधी दिसला.

ओघात आलंच आहे तर: हिवाळी रात्री दक्षिणेला होकायंत्र तारकासमूहात टी पिक्सिडिस नावाचा आणखी एक आवर्ती नवतारा असतो. एरवी साडेपंधराव्या प्रतीचा, २०११मध्ये साडेसहाच्या आसपास चढला होता. मोठी दुर्बीण किंवा कॅमेरा असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा मुकुटाच्या पोटातला आर कोरोना बोरिआलिस बघा. हा नवताऱ्याच्या बरोबर उलटा: एरवी सहाव्या प्रतीचा, द्विनेत्रीतून सहज दिसणारा, आणि मनात आलं की स्वतःच्याच काजळीमागे दडून चौदाव्या प्रतीपर्यंत बुडणारा. 'टी'साठी उठलातच तर त्याचाही आकडा लावून ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम.

स्फोटानंतरच्या दिवसांत रोज बघा, जमलं तर रात्रीतून दोनदा. उतार इतका उभा असतो की एक पहाट चुकली तर अख्खी प्रत हातची जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ॲल्फेका सोडून गॅमा-एप्सिलॉन धरावे लागतील, आठवड्याने द्विनेत्री, महिन्याने पुन्हा जुना ९८-१०६चा नकाशा. तिथे लोक वही मिटतात. मिटू नका. १९४६मध्ये उतरून गेलेला तारा काही महिन्यांनी पुन्हा आठव्या प्रतीच्या आसपास चढला होता. १८६६मध्येही असाच दुसरा उंचवटा आला होता. फेब्रुवारीत फुटला तर हा उंचवटा जूनच्या सुमाराला येईल, आणि तेव्हा मुकुट संध्याकाळीच डोक्यावर असतो. गजर लावायचीही गरज नाही.